फ्लॅश गॉर्डनची रविवारची पानं: कोणती पुनर्मुद्रित आवृत्ती घ्यावी, आणि जुनी पानं साफ कशी करतात?

मोंगोचा_प्रवासी

मंडळी, ॲलेक्स रेमंडच्या फ्लॅश गॉर्डन या अमेरिकन विज्ञान-चित्रकथेची पेपरात आलेली रविवारची रंगीत पानं (१९३४ ते १९४४) खंडरूपात घ्यायची आहेत. प्रत्येक आवृत्ती ‘मूळ पानांवरून जीर्णोद्धार केलेली’ म्हणून विकली जाते. पण ७ जानेवारी १९३४ चं पहिलंच पान घ्या. विमानाला उल्का धडकते, फ्लॅश डेलला घेऊन पॅराशूटने उडी मारतो, आणि झारकोव्ह पिस्तूल रोखून दोघांना अग्निबाणात चढवतो, तेच ते पान. तीन पुस्तकांत ते तीन तऱ्हांनी छापलेलं दिसतं. एकात कागद सायीच्या रंगाचा आणि चेहऱ्यावर गुलाबी ठिपके. दुसऱ्यात कागद पांढराफेक, रंग सपाट, रेषा काळीभोर पण जाड. तिसऱ्यात वरची जंगल जिम या दुसऱ्या चित्रकथेची पट्टीच गायब.

यातलं मूळच्या जवळचं कोणतं? आणि दुसरं म्हणजे, १९३६-३७ च्या अमेरिकन रविवार पुरवणीची सहा सुटी पानं हाताशी आहेत. ती स्कॅन करून, साफ करून त्यांचं एक लहानसं घरगुती पुस्तक बांधायचं आहे. स्कॅनर ए४ आकाराचा, सॉफ्टवेअर गिंप. पानाचा आकार साधारण १५ × २२ इंच. सुरुवात कुठून करावी?

रद्दीतलं_सोनं

सफाईच्या आधी उगम बघा. उगमात जे नाही ते कितीही घासलं तरी पानावर येत नाही.

रविवारच्या पानांचे उगम तीन. पहिला, पेपरातून काढलेलं छापील पान. संग्राहक त्याला टेअरशीट म्हणतात. दुसरा, सिंडिकेटने (अनेक पेपरांना चित्रकथा पुरवणाऱ्या कंपनीने, इथे किंग फीचर्सने) चांगल्या कागदावर काढलेली काळ्या शाईची प्रूफं. तिसरा, चित्रकाराच्या हातचं शाईतलं मूळ चित्र. यातल्या शेवटच्या दोघांवर छापलेला रंग नसतो. रंगाच्या सूचना वेगळ्या प्रतीवर दिल्या जायच्या आणि रंगाचे ठसे कारखान्यात तयार व्हायचे. म्हणजे १९३४ चे रंग कसे दिसत होते याचा खरा पुरावा त्या रविवारी छापलेल्या पेपरातच आहे. मूळ चित्रावरून केलेलं पुस्तक रेषेच्या बाबतीत सर्वांत सरस ठरेल, पण त्यातले रंग आजच्या कुणीतरी भरलेले असणार.

हे पेपर टिकले कसे, हेही माहीत असावं. अमेरिकेतली ग्रंथालयं बांधीव अंकांची मायक्रोफिल्म काढून कागद रद्दीत घालत होती, आणि ती फिल्म काळी-पांढरी. बिल ब्लॅकबिअर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून ते अंक उचलून साठवले. पुढे तो साठा ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला तेव्हा त्याचं वजन सुमारे ७५ टन भरलं. आज रंगीत जुन्या पानांची चांगली पुस्तकं निघतात त्यात या साठ्याचा वाटा मोठा आहे.

एकच पान अनेक शहरांतल्या पेपरांत छापलं जायचं, आणि प्रत्येक ठिकाणी छपाईची प्रत निराळी. एका प्रतीत लाल ठसा अर्धा मिलिमीटर सरकलेला, दुसरीत निळी शाई फिकी, तिसरी घडीवर फाटलेली. चांगले जीर्णोद्धार करणारे त्यामुळे एका पानाच्या दोन-तीन प्रती मिळवून उत्तम प्रत पाया धरतात आणि दुसरीतून फक्त फाटलेला तुकडा घेतात.

पानाचा साचाही बघा. त्या काळच्या पूर्ण पानावर वरचा साधारण एक तृतीयांश भाग जंगल जिमचा, खालचा दोन तृतीयांश फ्लॅशचा. दोन्ही रेमंडनेच काढलेले, दोन्ही ७ जानेवारी १९३४ लाच सुरू झालेले. टॅब्लॉइड आकाराच्या पेपरांत त्याच चौकटी कापून, हलवून बसवलेल्या असत. टॅब्लॉइडवरून पुनर्मुद्रण केलं असेल तर चित्राच्या कडा गेलेल्या असतात, आणि रेमंडसारख्या माणसाच्या चित्रात कड जाणं म्हणजे अर्धी रचना जाणं.

आता प्रकाशकांप्रमाणे आवृत्त्या. आयडीडब्ल्यूच्या लायब्ररी ऑफ अमेरिकन कॉमिक्स मालिकेचे चार मोठ्या आकाराचे खंड (पहिला २०११ चा) जंगल जिमसकट आहेत, पूर्ण पानाची बांधणी त्यांतच कळते. टायटनच्या २०१२ पासूनच्या मालिकेत फक्त फ्लॅश आहे. जंगल जिम काढला की उरलेला भाग जवळपास चौरस होतो, त्यामुळे पुस्तकाचा आकारही बदलतो. किचन सिंकचे १९९० पासूनचे सहा खंड आता जुन्या बाजारातच मिळतील. एकच घ्यायचं तर जंगल जिमसकट असलेलं घ्या. रेमंड दर आठवड्याला पूर्ण पान डोळ्यासमोर ठेवून काम करत होता, वरची पट्टी उडवल्यावर ते पान तुटकं दिसतं.

विकत घेण्याआधी नमुना पानात तीन जागा तपासा. चौकटींमधल्या फटी: त्या अगदी निव्वळ पांढऱ्या असतील तर पानावर हात जास्त चाललेला आहे. चेहरे: ठिपके दिसतात की सपाट गुलाबी रंग? आणि चौकटीच्या तळाशी असलेली बारीक तारीख व किंग फीचर्सची हक्कओळ: ती वाचता येत असेल तर स्कॅन चांगला आहे, चिखल झाली असेल तर बाकीच्या बारीक रेषांचंही तेच झालंय.

शाई_आणि_ठोकळा

वरच्या प्रतिसादाला छपाईची बाजू जोडतो, कारण तुम्हाला दिसलेले ठिपके हा दोष नाही, ते चित्राचंच अंग आहेत.

ही पानं लेटरप्रेसवर (उठावाच्या ठशांनी) चार शाईंत छापली जात: पिवळी, लाल, निळी, काळी. फिकट छटा हव्या तिथे ठशावर यांत्रिक ठिपक्यांची जाळी चढवत, तिला बेन डे म्हणतात. पूर्ण लाल हा एक रंग, ठिपक्यांचा लाल म्हणजे गुलाबी, पिवळ्यावर निळे ठिपके म्हणजे पोपटी. सिंडिकेट पेपरांना कागदी लगद्याचे साचे पाठवायचं, पेपरवाले त्यात शिशाचा मिश्रधातू ओतून ठसा काढायचे. ओतकाम, जुळणी, शाईचं प्रमाण हे सगळं जागोजाग बदलायचं. म्हणून ‘मूळ रंग’ असा एकच नाही. रंगांचा एक पल्ला आहे आणि चांगला जीर्णोद्धार त्या पल्ल्यात राहतो.

डेलच्या गालावर भिंग धरा. इंचाला साधारण ६०-६५ ओळींची ठिपक्यांची जाळी दिसेल, मध्ये कागद उघडा. त्वचेचा रंग हा त्या उघड्या कागदामुळे तयार होतो. तो कागद तुम्ही निखळ पांढरा केलात की गाल थंड आणि निळसर गुलाबी होतो. ठिपके पुसून तिथे सपाट रंग भरलात की चेहरा रबरी दिसतो. तुमच्या दुसऱ्या पुस्तकात हेच झालेलं आहे.

सायीच्या रंगाचा कागद ठेवणाऱ्यांची बाजू मला पटते, पण एका मर्यादेपर्यंत. पेपरचा कागद यांत्रिक लगद्याचा. त्यात लिग्निन असतं, ते उजेड आणि हवेने तपकिरी होत जातं. १९३४ च्या रविवारी सकाळी तो कागद आजच्या इतका पिवळा नव्हता, करडसर पांढरा होता. म्हणजे आजचा पिवळेपणा जसाच्या तसा ठेवणं हेही मूळ नव्हे. लिटल निमो या जुन्या अमेरिकन रविवार चित्रकथेच्या २००५ मधल्या १६ × २१ इंची पुनर्मुद्रणाने हा तोल छान साधला होता: डाग काढले, कागदाची ऊब ठेवली. विज्ञानकथांच्या पट्ट्यांनाही तीच वाट योग्य आहे.

मोंगोचा_प्रवासी

दोघांचे आभार. एक पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० बिंदू) ए४ वर चार तुकड्यांत स्कॅन करून पाहिलं. अडचणी अशा: (१) मागच्या बाजूची जाहिरात उलट्या अक्षरांत दिसते. (२) पानाच्या कडा तपकिरी, मधला भाग फिकट, त्यामुळे गिंपमधल्या लेव्हल्सने एक जागा सुधारली की दुसरी बिघडते. (३) तुकडे जोडताना एका ठिकाणी सुरकुतीची सावली जुळत नाही. (४) स्क्रीनवर पट्टे पट्टे दिसतात.

सहाशे_डीपीआय

चारही अडचणींची कारणं स्कॅनिंगमध्येच आहेत, त्यामुळे पुन्हा स्कॅन करा. क्रमाने सांगतो.

३०० पुरत नाही. ६५ ओळींच्या जाळीत एक ठिपका ३०० डीपीआयला साडेचार पिक्सेलांत बसतो, ६०० ला सव्वानऊ. ठिपक्याचा आकार राखायचा तर ६०० हवेच. १५ × २२ इंचाचं पान ६०० ला ९,००० × १३,२०० पिक्सेल होतं, २४ बिटला सुमारे ३५६ एमबी, ४८ बिटला त्याच्या दुप्पट. जमल्यास ४८ बिट घ्या, पुढे पिवळी बाजू ताणताना पायऱ्या पडत नाहीत. फाइल टिफ, जेपेग अजिबात नको, ठिपक्यांभोवती कचरा जमतो. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमधलं शार्पनिंग, डीस्क्रीन (ठिपके पुसणारं), ऑटो कलर, सगळं बंद.

ए४ वर चार तुकडे लागतात: रुंदीत दोन, उंचीत दोन. उंचीत एकमेकांवर येणारा भाग जेमतेम दीड इंच उरतो, पान तिरकं गेलं की तोही संपतो. ए३ मिळाला तर पान आडवं लावून दोन तुकड्यांत काम होतं. झाकण काढून टाका, नाहीतर त्याच्या बिजागरीत पान मुडपतं. पानावर काळा जाड कागद, त्यावर ४-५ मिलिमीटर जाडीची काच. काळ्या कागदाने तुमची पहिली अडचण सुटते: पांढऱ्या झाकणावरून परतणारा उजेडच मागची छपाई पुढे आणतो. पान थोडं करडं येईल, पण सगळीकडे सारखं करडं, ते नंतर सहज उजळतं.

स्कॅनर सीआयएस जातीचा असेल तर काचेपासून थोडंही उचललेलं पान धूसर येतं. सीसीडी जातीच्या स्कॅनरला काचेपासून थोडं दूर असलेलंही स्पष्ट दिसतं. घड्या पडलेल्या जुन्या कागदाला सीसीडीच बरा.

तिसरी अडचण: तुम्ही बहुधा खालचे दोन तुकडे पान उलटं फिरवून स्कॅन केलेत. स्कॅनरचा दिवा एका बाजूने येतो, त्यामुळे सुरकुतीची सावली एका तुकड्यात वर आणि दुसऱ्यात खाली पडली. चारही तुकड्यांत पानाचा माथा एकाच दिशेला ठेवा, पान फक्त सरकवा. जोडायला ह्युजिन हे चित्रं जोडणारं सॉफ्टवेअर चालतं, पण त्याला फक्त सरकवणं आणि किंचित फिरवणं एवढीच मुभा द्या. भिंगाची वक्रता वगैरे सुधारू दिलीत तर चौकटींच्या सरळ रेषा वाकतात. जोड चौकटींमधल्या फटीतून काढा, चेहऱ्यातून नको.

दुसरी अडचण म्हणजे असमान पिवळेपणा. पूर्ण पानाला एकच लेव्हल लावून तो जाणार नाही. चौकटींमधल्या फटी आणि समास ही कोऱ्या कागदाची जागा. तिथल्या २५-३० ठिकाणचा रंग उचला, नवीन लेयरवर मोठ्या मऊ ब्रशने त्या त्या भागात तो रंग पसरवा आणि सगळ्या लेयरला ३०० पिक्सेलचा गॉसियन ब्लर द्या. हा झाला तुमच्या पानाच्या मळाचा नकाशा. त्या लेयरचा मोड डिव्हाइड करा. कड आणि मध्य एका पातळीवर येतात, कागद पांढरा होतो. मग त्यावर सरसकट एकच फिकट सायीचा रंग मल्टिप्लाय मोडमध्ये टाका, लाल २४५, हिरवा २३८, निळा २२० च्या आसपास. डाग गेले, ऊब राहिली, आणि ‘शाई_आणि_ठोकळा’ म्हणतात तो गालही थंड पडत नाही.

इथे सावध राहायची जागा एकच: पिवळी शाई. पिवळसर कागद आणि फिकी पिवळी शाई दोन्ही निळ्या चॅनेलमध्ये गडद दिसतात, त्यांच्यातला फरक फार थोडा. डिव्हाइड करताना नकाशात चुकून पिवळ्या आकाशाचा रंग उचललात तर ते आकाश पुसलं जाईल. नमुना नेहमी फटीतूनच घ्या.

चौथी अडचण अडचणच नव्हे. ३३ टक्के झूमला पाहिलं की ठिपक्यांची जाळी आणि पडद्याची जाळी एकमेकांत अडकून पट्टे उमटतात. १०० टक्क्याला पाहा, पट्टे नसतील. छपाईतले पट्टे हा निराळा विषय आहे.

काळी रेष वेगळी काढायची असेल तर गिंपमधली एक सोपी युक्ती: डिसॅच्युरेटमध्ये व्हॅल्यू हा प्रकार निवडा. तो तिन्ही चॅनेलांतली सर्वांत उजळ किंमत घेतो. लाल, पिवळी, निळी शाई कुठल्या ना कुठल्या चॅनेलमध्ये उजळ असतेच, काळी तिन्हींत गडद. त्यामुळे बरेचसे रंग फिके पडतात आणि रेषा वर येते. तिन्ही शाया एकावर एक पडल्यात तिथे तपकिरी डाग उरतो, तो हाताने काढावा लागतो. मग चित्र दुप्पट म्हणजे १२०० डीपीआय करा, एक पिक्सेल ब्लर द्या, आणि त्यानंतर थ्रेशोल्ड (ठरलेल्या आकड्याखालचं सगळं काळं, वरचं सगळं पांढरं), ९० ते ११० च्या दरम्यान. रेषा तुटत असेल तर आकडा वाढवा. अक्षरांची पोटं भरत असतील (फुग्यातली ए, आर, बी बघा) तर कमी करा. ६०० वर थेट थ्रेशोल्ड लावलात तर रेषेला करवतीचे दात येतात.

बारीक_कुंचला

वरचं सगळं बरोबर, पण थ्रेशोल्डबद्दल जोराने सांगावंसं वाटतं: रेमंडच्या पानांवर तो शेवटचा उपाय समजा.

१९३५-३७ ची पानं काढा. रेमंडने कोरड्या कुंचल्याने पिसासारख्या रेषा ओढलेल्या आहेत: फ्लॅशचे खांदे, सिंहमानवांची आयाळ, राजवाड्याच्या खांबांवरची सावली. अशी रेष टोकाला पातळ होत होत नाहीशी होते. पेपरात ती आधीच शाई पसरून थोडी जाड झालेली. तिच्यावर थ्रेशोल्ड लावला की दोनपैकी एक घडतं: टोक तुटून ठिपके उरतात किंवा शेजारशेजारच्या चार रेषा मिळून एक काळा पट्टा होतो. प्रश्नातल्या दुसऱ्या पुस्तकातली ‘काळीभोर पण जाड’ रेषा ही याच वाटेने आलेली असते. पुढे १९३८ नंतर चित्रातले फुगे जाऊन मजकूर चौकटीच्या कडेला निवेदन म्हणून येऊ लागतो आणि रेषा आणखी नाजूक होते. तिथे तर हा मार्ग पुरता फसतो.

त्यापेक्षा काळा लेयर करड्या छटांतच ठेवा. लेव्हल्समध्ये काळं टोक थोडं आत, पांढरं टोक थोडं आत, बस. त्याला मल्टिप्लाय मोडमध्ये रंगांवर ठेवा. अक्षरांसाठी मात्र थ्रेशोल्ड वापरायला हरकत नाही. फुगे आणि निवेदनाच्या चौकटी निवडून तेवढ्यांनाच लावा.

रंग सरकलेले असतील तर? ६०० डीपीआयला एक मिलिमीटर म्हणजे सुमारे २४ पिक्सेल. लाल ठसा अर्धा मिलिमीटर खाली घसरलेला असेल तर ओठ हनुवटीवर येतात. असं असेल तर तो रंग निवडून १२ पिक्सेल वर घ्या, ते छापखान्याचं चुकलेलं आहे, रेमंडचं नाही. पण पाच-सहा पिक्सेलांचा सरकाव तसाच राहू द्या. सगळ्या कडा काटेकोर जुळवल्या की पान संगणकावर रंगवल्यासारखं दिसू लागतं.

आणि फाटलेल्या जागी नवी रेष ओढू नका. दुसरी प्रत नसेल तर तिथे कागदाचा रंग भरून जागा मोकळी सोडा. वाचणाऱ्याला कळतं की इथे पान फाटलं होतं. अंदाजाने काढलेली रेष मात्र कायमची रेमंडच्या नावावर जाते.

फर्मा_सोळा

छपाईचं राहिलं. सहा पानांचं पुस्तक डिजिटल प्रेसवरच करणार, पण तत्त्व ऑफसेटलाही हेच.

जुन्या ६५ ओळींच्या ठिपक्यांवर छापखाना आपली १५० किंवा १७५ ओळींची जाळी चढवतो. दोन जाळ्यांचे कोन आणि अंतर जुळलं नाही की खरे पट्टे उमटतात, आणि ते सर्वांत आधी चेहरे व आकाशात दिसतात. तीन उपाय आहेत. एक, छापखान्याकडे स्टोकॅस्टिक म्हणजे विखुरलेल्या ठिपक्यांची जाळी असेल तर ती मागा. तिला ठराविक कोन नसल्याने पट्टे पडत नाहीत. दोन, प्रत्येक शाई वेगळी करून उच्च रिझोल्यूशनची एक-बिट (मधल्या छटा नसलेली) फाइल द्या, म्हणजे जुने ठिपकेच थेट छापले जातील आणि त्यावर नवी जाळी चढणार नाही. पूर्वीच्या छपाईच्या सर्वांत जवळचा निकाल हाच, मेहनतही सर्वांत जास्त. तीन, ठिपके घालवा: ६०० डीपीआयला पाच-सहा पिक्सेलचा सिलेक्टिव्ह गॉसियन ब्लर रंगांच्या लेयरला, काळ्या रेषेला हात न लावता. साधा ब्लर दिला तर रंग रेषेबाहेर पाझरतो. पाव मिलिमीटरची रेष ६०० ला जेमतेम सहा पिक्सेल रुंद, ती पाझर झाकू शकत नाही.

काळी रेष फक्त काळ्या प्लेटवर गेली पाहिजे. आरजीबी फाइल तशीच दिली की यंत्र ती चार शाईंत फोडतं आणि किंचित सरकली तरी अक्षरांना लाल-निळी किनार येते. फाइल देण्याआधी सीएमवायके (छपाईच्या निळी, लाल, पिवळी, काळी या चार शायांत) करून फुग्यातलं अक्षर तपासा: सी, एम, वाय शून्य, के शंभर.

कागद ग्लॉसी आर्ट पेपर घेऊ नका. जुनी रंगसंगती शाई शोषणाऱ्या कागदासाठी ठरवलेली होती; चकचकीत कागदावर तोच लाल अंगावर येतो. नॅचरल शेडचा मॅपलिथो, १०० ते १२० जीएसएम, किंवा तशाच रंगाचा न चकाकणारा बुकपेपर मागा. कागदच सायीच्या रंगाचा असेल तर फाइलमधला मल्टिप्लायचा लेयर बंद करा, नाहीतर पिवळेपणा दुप्पट. न्यूजप्रिंटवर छापायचा मोह टाळा, वीस वर्षांनी पुन्हा हाच धागा उघडावा लागेल.

आकार: १५ × २२ चं पान ए३ वर घेतलं तर साधारण ७५ टक्के होतं, समास धरून ७० टक्के. पेपरातलं तीन मिलिमीटरचं अक्षर दोनच्या थोडं वर राहतं, वाचता येतं. ए४ वर अर्ध्याच्या खाली जातं आणि फुगे वाचताना डोळे दुखतात. सहा पानं आहेत, तर प्रत्येक पान समोरासमोरच्या दोन पानांत तोडण्यापेक्षा ए३ वर एकाच बाजूला छापा, डाव्या कडेला ३० मिलिमीटर जागा सोडा आणि कडेने शिवून पुठ्ठा बांधणी करून घ्या. नुसत्या गोंदाची बांधणी एवढ्या मोठ्या पानाला टिकत नाही, उघडलं की पान सुटतं.

सगळं छापण्याआधी एक पान त्याच कागदावर काढून दिवसाच्या उजेडात पाहा. ट्यूबलाइटखाली पिवळ्याचा अंदाज चुकतो.

रद्दीतलं_सोनं

मूळ पानांबद्दल दोन गोष्टी, पुस्तकाच्या नादात त्यांचे हाल व्हायला नकोत. सेलोटेप आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य. टेपचा चिकटा काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. फाटलेली घडी मागच्या बाजूने जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ लावून सांधा. खळ आधी कोपऱ्यातल्या एका ठिपक्यावर लावून बघा, शाई सुटते का ते कळेल. पान उलगडताना कडक असेल तर जोर लावू नका, एक दिवस किंचित दमट खोलीत ठेवा, मऊ पडेल. नंतर पॉलिस्टरच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि आडवं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पाकीट बंद कपाटात ठेवलं की बुरशी धरते, म्हणून सिलिका जेल ठेवा आणि ते निळ्याचं गुलाबी झालं की बदला. कसर लागू नये म्हणून दर दोन महिन्यांनी कपाट उघडा.

आपल्याकडच्या इंद्रजाल कॉमिक्सचा प्रश्न इथे ओघाने येतोच, म्हणून आधीच लिहितो. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट कोलमनने १९६४ पासून काढलेल्या या मालिकेत वेताळ आणि मँड्रेकबरोबर फ्लॅश गॉर्डनही मराठीत आला. पण ती रेमंडची रविवारची पानं म्हणून धरू नका. तिथे पट्ट्यांच्या चौकटी कापून, सरकवून कॉमिकच्या पानात बसवलेल्या आहेत आणि फुग्यांतला मजकूर नव्याने लिहिलेला आहे. त्यांचं मोल मराठी भाषांतर आणि मुखपृष्ठ म्हणून स्वतंत्र आहे, रेषेचा उगम म्हणून नाही. ती साफ करायची असतील तर आधी गंजलेल्या पिना काढा. पिन ओढू नका, मागचे दोन पाय सरळ करून पुढून अलगद उचला, नाहीतर गंजाने खाल्लेला मधला कागद पिनेबरोबर येतो.

बारीक_कुंचला

एक भर, कारण पुढे कुणी डॅन डेअर या ब्रिटिश विज्ञान-चित्रकथेची पानं घेऊन येईल. ती ज्यात यायची ते ईगल साप्ताहिक (पहिला अंक १४ एप्रिल १९५०) लिव्हरपूलला फोटोग्राव्ह्युअरवर छापलं जायचं. ग्राव्ह्युअरमध्ये छटा शाईच्या जाडीवर ठरते आणि अक्षरांसकट सगळंच चित्र बारीक जाळीतून जातं. त्यामुळे तिथे रेष वेगळी काढायची कुठलीच युक्ती चालत नाही, अक्षरांच्या कडाही मुळातच दातेरी असतात. डॅन डेअरचा चित्रकार फ्रँक हॅम्प्सन याचे रंग हे ठशाने भरलेले नसून रंगचित्रासारखे आहेत. त्या पानांना मळाचा नकाशा आणि डिव्हाइड एवढंच करा, आणि थांबा.

सहाशे_डीपीआय

पुस्तक मित्रांपलीकडे वाटणार असाल तर हक्कांचं बघून घ्या. अमेरिकेत त्या काळातल्या, हक्कांचं नूतनीकरण झालेल्या कामाला प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण असतं, म्हणजे १९३४ ची पानं २०२९ संपेपर्यंत, १९३६-३७ ची त्याहून पुढे. पात्राच्या नावाचा व्यापारचिन्हाचा हक्क वेगळाच. भारतातला कायदा मुदत निराळ्या रीतीने मोजतो, त्यामुळे विक्रीचा विचार असेल तर जाणकार वकिलाला विचारा.

आणि पहिल्या स्कॅनची कच्ची टिफ कधीही पुसू नका. मळाचा नकाशा, काळा लेयर, कागदाचा रंग हे सगळं वेगळ्या लेयरवर ठेवून कामाची फाइल निराळी जपा. गिंपची ही एक्ससीएफ फाइल दीड-दोन जीबीची होईल, होऊ द्या. पुढेमागे त्याच पानाची चांगली प्रत मिळाली तर तुम्हाला फक्त खालचा लेयर आणि त्याचा नकाशा बदलावा लागेल.